कपाटातला दाखला: रत्नागिरीतल्या एका खासगी करिअर इन्स्टिट्यूटमधलं प्रकरण

२५ मे २०२३. दुपारी बारावीचा निकाल लागला. कोकण विभाग ९६.०१ टक्क्यांनी राज्यात पहिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं हे मंडळ दरवर्षी पहिलंच येतं, त्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. आम्ही सहाजणी त्या वेळी ऑफिसात सहा मोबाईल घेऊन बसलो होतो. प्रत्येकीसमोर नंबरांची यादी. फेब्रुवारीत गावोगावच्या ज्युनिअर कॉलेजांत ‘करिअर मार्गदर्शन शिबिर’ घेऊन मुलांकडून जे फॉर्म भरून घेतले होते, त्यांतले हे नंबर. पहिलं वाक्य ठरलेलं असे: “अभिनंदन काका, निकाल बघितलात ना?”

मी या इन्स्टिट्यूटमध्ये सव्वातीन वर्षं काउन्सेलर होते. इन्स्टिट्यूटचं नाव मी लिहिणार नाही. इथे ज्या मुलाची गोष्ट आहे त्याचंही नाव, गाव लिहिणार नाही. एवढं पुरे की तो रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचा, कॉमर्सला अठ्ठावन्न टक्के मिळवून बारावी झालेला. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. आई घरची बारा हापूस कलमं सांभाळते आणि पावसाळ्यासाठी सुकी मासळी करते. माझ्या हातून दोनशेच्या वर ॲडमिशन झाल्या असतील, पण या एका ॲडमिशनची सुरुवात आणि शेवट असं दोन्ही मी जागेवर राहून पाहिलं. आमच्या धंद्यात असं फारसं होत नाही. ॲडमिशन करणारी मुलगी बहुतेक वर्षभरात नोकरी सोडते, आणि मुलाचं काय झालं ते कळायला दीड वर्ष लागतं. या प्रकरणातलं बरंचसं या एका गोष्टीने उलगडतं असं मला वाटतं.

आमचा पगार होता चौदा हजार. शिवाय पक्क्या ॲडमिशनमागे पंधराशे. पक्की म्हणजे निम्म्याच्या जवळपास फी भरलेली, किंवा हप्त्यांचे कागद सही झालेले. रोज सकाळी साडेनऊला मीटिंग. एक्सेल शीटवर प्रत्येक घराला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. हिरवं म्हणजे आज-उद्यात येणारं. जिची हिरवी घरं कमी, तिला सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगावं लागे. एवढं सांगायला हवं की आम्ही सहाही जणी साध्या घरच्या होतो. कुणाच्या घरी आजारी सासरे, कुणाचं बाळ अंगणवाडीत. खोटं बोलायच्या इराद्याने तिथे कुणी आलं नव्हतं.

‘ऑफर ३१ मेपर्यंत’ ही आमची मोठी पाटी. बाहेरच्या माणसाला ती तारीख उगाच टाकलेली वाटेल. आमच्याकडचं वर्ष ठाऊक असलेल्याला कळेल ती का निवडली. मे संपता संपता आंब्याचा पैसा हातात असतो. मुंबईचे चाकरमानी मे महिन्यात गावी असतात, म्हणजे पोराच्या फीला हातभार लावणारा काका घरातच बसलेला असतो. आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. ट्रॉलर बंदरात, जाळी आवारात, तांडेलाची कमाई शून्य. म्हणजे मच्छीमाराच्या घरात पैसा असायचा शेवटचा दिवस ३१ मे. त्या दिवसाला गाठून आमची ऑफर संपायची.

तो मुलगा आला २९ मेला. सोबत वडील, मुंबईचे काका आणि आजोबा. कोर्स एका वर्षाचा, ‘डिप्लोमा इन हॉटेल अँड क्रूझ हॉस्पिटॅलिटी’. फी पंचाण्णव हजार. माहितीपत्रकावर पांढरी शुभ्र बोट, खाली ‘१०० टक्के प्लेसमेंट’, आणि कोपऱ्यात ‘शासन नोंदणीकृत’.

या ‘शासन नोंदणीकृत’बद्दल थांबून सांगते. आमची नोंदणी होती उद्यमची, जी कुठल्याही छोट्या धंद्याला ऑनलाईन मिळते, पिठाच्या गिरणीलाही. ती नोंदणी खरीच होती. पण ‘नोंदणीकृत’ आणि ‘मान्यताप्राप्त’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि घाईत वाचणाऱ्या बापाला ते दिसत नाही. भिंतीवर फ्रेममध्ये आयएसओ ९००१ लावलेलं. ते ऑफिसच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, कोर्सशी त्याचा संबंध नाही. डिप्लोमा द्यायची ती परराज्यातली एक खासगी ‘कौन्सिल’. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई नाही, राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ नाही, राज्याचं कौशल्य मंडळ नाही. हे सगळं मला पहिल्या महिन्यातच माहीत झालं होतं. विचारलं तरच सांगायचं, असा शिरस्ता.

आजोबा खुर्चीत बसले आणि त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक जुनं पुस्तक काढलं. त्यांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक. ते ऐन उमेदीत मालवाहू जहाजावर खलाशी होते. कडा मऊ पडलेल्या, आत पानापानावर जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, कप्तानाची सही. एका पानावर पाण्याचा डाग होता, त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “हे वादळातलं.” मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

“पोराचं असं होणार ना गो बाय?”

मी म्हटलं, “होणार आजोबा. सगळं कोर्समध्येच येतं.”

शब्दशः पाहिलं तर यात साफ खोटं किती हे मी नंतर पुष्कळ वेळा तपासलंय. आमच्या कोर्समध्ये सीडीसी ‘येत’ नव्हतं. डीजी शिपिंगने, म्हणजे जहाजवाहतुकीच्या केंद्रीय कार्यालयाने, मान्यता दिलेल्या संस्थेत एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावरच्या सुरक्षिततेचे, पायाभूत कोर्स वेगळे करावे लागतात, इंडॉस नंबर हा खलाशाचा ओळख क्रमांक काढावा लागतो, मग सीडीसीसाठी अर्ज. आम्ही मुलांना त्यासाठी मुंबईकडे पाठवायचो, वेगळ्या पैशांत. आणि सीडीसी हातात आलं म्हणजे बोट मिळाली असं मुळीच नाही. कोकणात सीडीसी घेऊन घरी बसलेली पोरं गावागणिक सापडतील. खलाशाचा खरा रस्ता, म्हणजे सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स, त्याचा आमच्या कोर्सशी काडीचा संबंध नव्हता. आजोबा डेकवरचे. मी विकत होते ते बोटीतल्या रेस्टॉरंटमधल्या वेटरच्या कामाचं शिक्षण. दोघं ‘बोट’ हाच शब्द वापरत होतो. त्यांच्या शब्दातली बोट वेगळी आहे हे मला कळत होतं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

काका जरा चौकस होते. “स्कॉलरशिप मिळते का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “महाडीबीटीला फॉर्म भरून बघा, ते सरकारच्या हातात असतं.”

पाच हजार बुकिंग, तीस हजार ३१ तारखेला. उरलेले साठ हजार एका फायनान्स कंपनीकडून, दरमहा तीन हजार सातशेचे अठरा हप्ते. हा व्यवहार नीट समजून घ्यावा लागतो. बँक शैक्षणिक कर्ज देताना कोर्सची मान्यता विचारते. ही कंपनी विचारत नाही. साठ हजार थेट इन्स्टिट्यूटच्या खात्यात जमा होतात, पोरगा शिकला काय नि सोडून गेला काय. बापाने आधारचा ओटीपी दिला की हप्ता त्याच्या खात्यातून आपोआप कापला जातो. वडिलांनी ओटीपी मला वाचून दाखवला तेव्हा चश्मा नव्हता म्हणून मोबाईल लांब धरला होता. पहिला हप्ता ५ जुलैला. बंदीचा मधला काळ. खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला, वर दंड लागला. आठवणीचा फोन करायचं कामही माझंच होतं.

वर्ग जुलैत सुरू झाले. शिकवणाऱ्यांबद्दल मी वाकडं बोलणार नाही. आमचे शेफ सर तासाला दोनशे रुपयांवर यायचे, तेही दोन-दोन महिने थकलेले. प्रॅक्टिकलला गॅस संपला तर घरचा सिलिंडर स्कूटरवर घालून आणायचे. कांदा कसा चिरायचा हे त्यांनी त्या मुलाला आठवडाभर शिकवलं, आणि तो पटकन शिकला. हात मासळी साफ करून तयार झालेला होता. इंग्रजीच्या मॅडम शनिवारी जादा तास घ्यायच्या, त्याचे पैसे नाहीत. त्या बॅचमधली एक मुलगी आज गोव्यात एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे आणि ती ते काम छान करते. इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणं होत होतं. ज्या भावात आणि जे सांगून ते विकलं जात होतं, दुखणं तिथे होतं.

दिवाळीच्या आधी आई सेतू केंद्रात गेली. महाडीबीटीच्या फॉर्मवर जिल्हा निवडला, तालुका निवडला, मग संस्थेची यादी उघडली. केंद्रातल्या मुलाने वरून खाली तीनदा बघितलं. “काकी, तुमच्या कॉलेजचं नाव येतच नाही यादीत.” ती तिथूनच एसटीने आमच्या ऑफिसात आली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. ओरडली नाही. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, “मॅडम, तुम्ही म्हणालात भरून बघा. मी बघितलं.”

मी तिला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. पाणी दिलं एवढं आठवतं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा बसून वाचायला लागले. आपल्याकडे शिक्षण हा नफ्याचा धंदा नाही हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी चालणार नाही, अशी रेघ आहे. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कोर्सना महाराष्ट्राचा २०१५ चा कायदा आहे, शुल्क नियामक प्राधिकरण आहे, प्रवेशाच्या फेऱ्या आहेत. आम्ही या सगळ्याच्या कुंपणाबाहेर. आमची फी कोण ठरवतं? मालक, मार्चमधल्या एका मीटिंगमध्ये. अमेरिकेत अशा कॉलेजांच्या मोठाल्या कंपन्याच होत्या. त्यातली कोरिंथियन कॉलेजेस एप्रिल २०१५ मध्ये एका झटक्यात बंद पडली, आणि जून २०२२ मध्ये तिथल्या सरकारला तिच्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज माफ करावं लागलं. मला धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. सरकारी शिक्षणमदत घेणाऱ्या कॉलेजांनी ॲडमिशन आणणाऱ्याला डोक्यामागे पैसे द्यायचे नाहीत, हे तिथे १९९२ मध्येच कायद्यात आलं होतं. पुढे नियमांत पळवाटा शिरल्या, त्या २०११ मध्ये काढाव्या लागल्या. म्हणजे माझे पंधराशे रुपये ही जगात कुठेतरी तीस वर्षांपूर्वी ओळखलेली खोड होती. मी ती माझ्या एकटीची कमजोरी समजत होते.

जानेवारी २०२४ मध्ये बॅच ट्रेनिंगला गेली. गोव्यात, किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात. सकाळी दहा ते रात्री अकरा, मधे दोन तास सुट्टी, एका खोलीत आठजण, हातात महिना पाच हजार. तो मुलगा एप्रिलपर्यंत टिकला. बोटीबद्दल विचारलं तेव्हा त्याला सांगण्यात आलं की आधी ट्रेनिंग पूर्ण कर, मग एजंटशी बोलू, त्याचे एक लाख साठ हजार वेगळे. जहाजावर भरती करणाऱ्या एजंटला सरकारी परवाना लागतो आणि खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायला त्याला मनाई आहे. हे मी त्याला फोनवर सांगितलं. ऑफिसच्या फोनवरून, आणि कुणी ऐकलं तर ऐको म्हणून. माझ्या सव्वातीन वर्षांत मी आतून केलेलं धड काम तेवढंच असेल. त्याने पैसे भरले नाहीत. मेमध्ये तो घरी आला.

त्याच महिन्यात नवीन माहितीपत्रकासाठी प्लेसमेंटचा आकडा काढायचा होता आणि ते शीट माझ्याकडे आलं. १०० टक्के कसे होतात ते मी स्वतःच्या हाताने केलंय, म्हणून सांगू शकते. बॅच अडतीसची. नऊजण मधेच गेले, ते ‘ड्रॉप’, मोजायचे नाहीत. ज्यांनी तीन फोन उचलले नाहीत किंवा गोव्याला जायला नको म्हटलं ते अकराजण ‘इच्छुक नाही’, मोजायचे नाहीत. उरले अठरा. त्या अठराही जणांकडे कुठल्या ना कुठल्या हॉटेलचं पत्र होतं, मग ते ट्रेनीचं का असेना. अठरापैकी अठरा. तो मुलगा या अठरात होता! तो घरी बसला होता आणि माहितीपत्रकात त्याचा फोटो टाय लावून छापला गेला.

जूनमध्ये वडील आले, बंदीमुळे ते घरीच. त्यांना मुलाला सरकारी आयटीआयला घालायचं होतं, डिझेल मेकॅनिकला. तिथे मूळ दाखला आणि मार्कशीट लागते. ती आमच्या कपाटात. ‘पडताळणीसाठी’ म्हणून प्रवेशाच्या वेळी घेतलेली. हिशोब पूर्ण झाल्याशिवाय कागद मिळणार नाहीत, असं त्यांना सांगण्यात आलं. हिशोब म्हणजे काय, तर फायनान्सचे उरलेले सात हप्ते. ते पैसे इन्स्टिट्यूटला केव्हाच मिळाले होते! यूजीसीने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत मूळ कागद अडकवून ठेवू नयेत असं स्वच्छ म्हटलंय, पण ती विद्यापीठं-कॉलेजांना. आम्ही तर कॉलेजच नव्हतो.

ते राखाडी लोखंडी कपाट मालकांच्या केबिनबाहेर असायचं. खालचे तीन कप्पे मुलांचे. वरच्या कप्प्यात आमची, स्टाफची कागदपत्रं, कारण रुजू होताना आमचीही मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली जायची. माझं बी.कॉम.चं प्रमाणपत्र त्या मुलाच्या दाखल्यापासून दीड हात वर होतं. नोकरी सोडावी असं दिवाळीपासून वाटत असूनही मी आणखी दहा महिने तिथे का होते, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण पगार. तिसरं काही नाही.

रत्नागिरीतल्या एका वकिलीणबाईंकडे मी वडिलांना घेऊन गेले. चोरून, रविवारी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता: “ही शिक्षणसंस्था आहे का?” राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० च्या निकालात म्हटलंय की शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, पण कोचिंग देणारे येतात. म्हणजे आमच्या इन्स्टिट्यूटला कुणाचीच मान्यता नाही, हीच गोष्ट वडिलांच्या उपयोगाची होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही हेही तिथेच कळलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सोबत नोटीस गेली. नोटिशीत जुनं माहितीपत्रक, फीच्या पावत्या, फायनान्सचा करार, आणि नव्या माहितीपत्रकातला तो टायवाला फोटो.

नोटीस मिळाल्यावर नवव्या दिवशी दाखला निघाला. आयटीआयची प्रवेशाची मुदत तोवर टळून गेली होती. मालकांनी तीस हजार परत द्यायचं कबूल केलं, पंचवीस दिले. वकिलीणबाई म्हणाल्या आयोगात जाऊ, पूर्ण मिळतील, वर्ष-दोन वर्षं लागतील. वडील म्हणाले, “नको. ऑगस्ट लागला, मला बोटीवर जायचंय.” त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. केस लढायला रत्नागिरीत राहणारा माणूस लागतो. तांडेल महिन्यातले वीस दिवस समुद्रात असतो.

कागद देण्याचं काम माझ्याकडेच आलं. फाईल उघडली. दाखला, बारावीची मार्कशीट, दहावीची मार्कशीट, चार फोटो. आणि मागे स्टेपल केलेली आजोबांच्या सीडीसीची झेरॉक्स, पाण्याच्या डागाचं पान. ती मीच काढून लावली होती, २९ मेला. ‘घराण्यात बोटीची पार्श्वभूमी’ असा शेरा शीटवर टाकला होता, म्हणजे पुढचा फोन करणाऱ्या मुलीला काय बोलायचं ते कळावं. वडिलांनी एकेक कागद मोजून घेतला. झेरॉक्सकडे थोडा वेळ बघितलं आणि तीही पिशवीत घातली.

मी सप्टेंबर २०२४ मध्ये राजीनामा दिला. माझं प्रमाणपत्र मिळायला मला त्याच वकिलीणबाईंचं पत्र लागलं. नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोकरीची, निवडीची हमी देणारे दावे त्यात मना केले आहेत. पुढच्या मोसमात आमच्या जुन्या फलकावर ‘१०० टक्के प्लेसमेंट’च्या जागी ‘१०० टक्के प्लेसमेंट सहाय्य’ आलं. अक्षरं तीच, ‘सहाय्य’ खाली बारीक.

फायनान्सचा अठरावा हप्ता डिसेंबर २०२४ मध्ये वडिलांच्या खात्यातून गेला. मुलगा वर्षभर वडिलांबरोबर बोटीवर होता. २०२५ मध्ये त्याने पुन्हा आयटीआयचा फॉर्म भरला, तो भरायला माझ्याकडेच आला होता. विकल्प भरताना प्रत्येक संस्थेच्या नावापुढचा कोड त्याने वहीत लिहून घेतला, मग सरकारी यादी दुसऱ्या टॅबमध्ये उघडून एकेक ताडून पाहिला. अर्धा तास लागला. डिझेल मेकॅनिकला त्याचा नंबर लागला आहे.